पोतं खोकत नाही

आमच्या नव्या गावात टेकायला भिंती भरपूर आहेत, पण दोर बांधावा असं काही नाही. हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या दिवशी मी खूश होते. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, दाराशी नळाची तोटी, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर छपराचे कवेलू फेरायची कटकट कायमची गेली, एवढंच मला दिसत होतं. तोटीला पाणी नव्हतं, पण तोटी चकचकीत होती.

गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी वैनगंगेतून मागे सरकत सरकत आमच्या जुन्या गावात शिरलं. त्याच्या आधीच आम्हाला या टेकाडावर आणून सोडलं होतं. टेकाड म्हणजे नुसतं बरड. वर हातभर मुरूम, खाली खडक. रांगा आखलेल्या, प्लॉटला नंबर, मधून सरळ रस्ते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावली म्हणाल तर विजेच्या खांबांची. नकाशात सगळं होतं. शाळा, समाजमंदिर, टाकी, स्मशानाची शेड. झाडं त्या नकाशात होती की नव्हती कोण जाणे. असतील तर तिथंच वाढली असतील.

माझ्या सासऱ्यांना दमा होता. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात. दिवसभर त्यांचं बरं चालायचं. धानाच्या बांध्यांवर जायचे, बैलांचं पाहायचे, तोंडही भरपूर चालायचं. पण पाठ जमिनीला टेकली की छाती बंद. उशा रचून बसवलं तर डोळा लागताच घसरून खाली यायचे आणि मग पुन्हा तोच घरघराट. डॉक्टरने पंप दिला होता, तो मामाजी ओढायचेही, पण झोप त्यातून येत नव्हती. त्यांना झोप एकाच जागी लागायची, झुल्यात.

झुला म्हणजे पितळी कड्यांच्या बंगईसारखा, पाटाचा झोपाळा नव्हे. अंबाडीच्या वाखाचा दोर त्यांनी स्वतः वळला होता आणि जाळं विणावं तसा हा लांबट झुला विणला होता. त्यात माणूस धड बसलेला नाही, धड निजलेला नाही असा राहायचा. डोकं वर, पाठ कलती, गुडघे किंचित दुमडलेले. किती लांब, किती सैल, हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. स्वतःच्या छातीचा अंदाज घेत दोनदा उसवून तिसऱ्यांदा विणला, असं सासूबाई होत्या तोवर सांगायच्या. जुन्या गावी घरामागच्या सांदवाडीत एक मोह होता आणि दहा हातांवर एक चिंच. उन्हाळा-हिवाळा झुला या दोन झाडांमध्ये, आणि पावसाळ्यात घरातल्या दोन तुळयांना. पस्तीस वर्षं त्या माणसाने अशी झोप काढली. कोणी त्याला आजारी म्हणायचं नाही. म्हातारा झुल्यात झोपते, एवढंच लोक म्हणायचे.

त्या झुल्याबद्दल एक गोष्ट आधी सांगून टाकते. लग्न होऊन मला चार महिने झाले असतील. घरात कोणी नव्हतं, मोहाखाली सावली छान होती, आणि मी अठरा वर्षांची होते. मी झुल्यात जाऊन बसले. निजलेसुद्धा नाही, नुसती बसले आणि पायाने जमिनीला रेटा देऊन दोन झोके घेतले. सासूबाई विहिरीवरून आल्या आणि घागर खाली न ठेवता तिथंच उभ्या राहिल्या. मी उतरल्यावर त्यांनी झुला सोडला, पाण्यात बुडवून काढला आणि उन्हात टाकला. पुढे महिनाभर गावातली प्रत्येक बाई मला विचारायची, "काय गा, झुला कसा लागला?" सुनेने सासऱ्यासमोर खाटेवर बसायचं नाही, हे मी आसगावकडच्या माझ्या माहेरूनच शिकून आले होते. सासऱ्याच्या झुल्यात बसायचं नाही हे वेगळं शिकवावं लागेल असं कोणाला वाटलं नसावं. त्यानंतर मी तो झुला कितीतरी वेळा धुतला, वाळवला, त्याचे तुटलेले पेड सांधले. त्यात कधी बसले नाही.

गाव सोडताना लोकांनी घरं मोडून लाकडं नेली. दारं, चौकटी, तुळया, खांब, जे निघेल ते ट्रॉलीत भरलं. आमच्या घराला सागाचे चार खांब होते. मामाजी म्हणाले, "थे खांब घेऊन चाला." मी नाही म्हणाले. सासऱ्यांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ असेल, पण डोक्यावर पदर घेऊन आणि नवऱ्याच्या तोंडून म्हणाले, म्हणजे ते चालून गेलं. म्हटलं, किडकी लाकडं नव्या घरात कशाला, वाळवी लागेल. खांब किडलेले नव्हते. मला त्या घराचं काहीच नको होतं, हे खरं कारण. अंधार नको, शेणाचा सडा नको, वरून पडणारी माती नको. खांब नणंदेच्या गोठ्याला गेले. तिथं ते अजून उभे आहेत आणि त्यांच्यावर काहीही टांगलं तरी हलत नाहीत.

नव्या घरी पहिल्या रात्रीनंतरच मामाजींचा चेहरा उतरला. चार दिवसांत डोळे आत गेले. दिवसा बोलता बोलता झोप लागायची, मान लटकायची आणि दचकून जागे व्हायचे. ते जेवणं टाकू लागले. तालुक्याच्या डॉक्टरने तपासून मला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, यांना दुसरं काही झालेलं नाही, पण हे असे जागत राहिले तर फार दिवस काढणार नाहीत. औषधाने एवढंच होतं, झोपेचं तुम्ही पाहा. म्हणजे आता झुला टांगणं हेच औषध होतं आणि ते आमच्यावर सोपवलं होतं.

आधी पंख्याचा हूक. स्लॅब टाकताना मधल्या खोलीत एकच हूक सोडलेला होता. पंखा खाली उतरवला आणि झुल्याची दोन्ही टोकं त्या एका हुकाला बांधली. मामाजी त्यात बसले तर पोतडीत कोंबल्यासारखे झाले. गुडघे हनुवटीशी आले, छाती दाबली गेली, नेमकं जे नको तेच. शिवाय वैशाखात पंखा उतरवल्याने बाकी सगळे घामाने निथळत जागे. मिस्त्रीला बोलावलं, म्हटलं स्लॅबला आणखी एक भोक पाड आणि हूक बसव. तो वर पाहून म्हणाला, "या स्लॅबले भोक पाडलो तं माहा भरोसा नाही. राहू द्या जसा हाय तसा." सरकारी स्लॅबवर त्याचा विश्वास आमच्याहून कमी होता.

मग खिडकीचा गज आणि समोर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली. हे बरं जमलं. एक टोक गजाला, एक ट्रॉलीच्या फाळक्याला, मध्ये मामाजी. आठ दिवस माणूस झोपला. तोंडावर थोडा रंग आला, मला चहात साखर कमी म्हणून बोलले, तेव्हा मला समाधान वाटलं. पण ट्रॉली ही कामाची वस्तू. रेतीला गेली, खताला गेली, कोंढ्याच्या बाजाराला गेली की मामाजींची झोपही तिच्याबरोबर गेली. शेजारी चांगला होता. सकाळी येऊन दारात खाकरायचा आणि हळूच म्हणायचा, "काकाजी उठले काय?" एका माणसाने रोज दुसऱ्याच्या सवडीने उठायचं, हे किती दिवस चालणार. एक दिवस मामाजी स्वतःच म्हणाले, नको.

विजेच्या खांबाचंही करून झालं. खांबाला बांधलेला दोर लाइनमनने पाहिला आणि रस्त्यात उभा राहून आमच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याचं चूक नव्हतं. पण मला त्याचा नाही, खांबाचा राग आला. आख्ख्या गावात उभी म्हणावी अशी ती एकच वस्तू आणि तिला हात लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल, झाड का नाही लावलं. लावलं होतं. पहिल्याच पावसात मी कडुलिंबाची दोन रोपं आणून मागच्या बाजूला दहा हातांवर लावली. अंगणवाडीत मी सेविका होते, तिथं रोपं वाटायला आली होती. आठ दिवसांनी पाहते तर दोन्ही उपटून कुंपणाबाहेर टाकलेली. मला वाटलं बकऱ्या. बकऱ्या खातात, उपटून रांगेत मांडून ठेवत नाहीत. मामाजी ओट्यावरून म्हणाले, "मीच उपटलो."

"काहून जी?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"झाड लावलं का त्याच्यावर नंबर पडते."

जुन्या गावी मोजणीवाले आले होते तेव्हा त्यांनी प्रत्येक झाडावर लाल रंगाने आकडा काढला होता. मोहावर एक, चिंचेवर एक. मामाजी सकाळी झुल्यात डोळे उघडायचे ते त्या आकड्यासमोर. त्यांच्या मनाने हिशेब केला की झाडं होती म्हणून आकडे पडले आणि आकडे पडले म्हणून गाव गेलं. मी समजावलं, नवऱ्याने समजावलं, माझी नणंद मुद्दाम येऊन दोन दिवस राहून समजावून गेली. पुढच्या पावसात मी पुन्हा लावलं, त्यांनी पुन्हा उपटलं. तिसऱ्या वर्षी मी नाद सोडला. गावात बाकीच्यांनीही लावली नाहीत. कोणाच्या प्लॉटचे कागद व्हायचे होते, कोणाला प्लॉट बदलून हवा होता, आपण लावायचं आणि दुसऱ्याने सावलीत बसायचं कशाला, असं प्रत्येकाचं. कडुलिंबाला दोर पेलायला सहा-सात वर्षं लागली असती. त्याहून जास्त वर्षं आम्ही दोर बांधायला जागा शोधण्यात घालवली. हा हिशेब मी कोणासमोर मांडत नाही. मांडला की माझंच डोकं फिरतं.

या सगळ्या काळात ते कसे झोपले म्हणाल, तर तुकड्या-तुकड्याने. कधी ट्रॉली मोकळी असली की, कधी ओट्याच्या भिंतीला टेकून, कधी नणंदेकडे महिनाभर जाऊन गोठ्यातल्या त्याच खांबांना झुला बांधून. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं म्हणून तिथूनही परत यायचे. येताना झुला गुंडाळून काखेत. त्यांना तसं एसटीतून उतरताना पाहिलं की मला स्वतःची चीड यायची आणि ती मी भांड्यांवर काढायची.

शेवटी नवऱ्याने मनावर घेतलं. बैल विकल्यापासून बंडी परसात पडून होती. तिची लांब लाकडं काढली, नणंदेकडून दोन बल्ल्या, लांब गोल वासे, आणल्या आणि कैची करायची ठरवली. दोन-दोन लाकडं वर आडवी-तिडवी बांधायची, पाय फाकवून जमिनीत रोवायचे, अशा दोन कैच्या समोरासमोर, आणि त्यांच्या डोक्यावरून एक आडवी बल्ली. बल्लीला झुला. खळ्यावर, मांडवाला आमच्याकडे असं करतातच, नवीन काही नव्हतं. पण खळं असतं मातीत. इथं सब्बल, म्हणजे पहार, हातभर गेली की ठणकायची, ठिणगी उडायची, आणि वरचा माणूस हात झटकत शिव्या द्यायचा. दोन दिवस नवरा त्या खडकाशी भांडला. शेवटी जेवढे खड्डे झाले तेवढ्यातच पाय बसवले, बाजूने दगड ठोकले, वर मुरूम चोपला. हलवून पाहिलं तर हललं नाही.

मामाजी ओट्यावरून सगळं पाहत होते. सूचना देत नव्हते, हेच नवल होतं. एकदाच विचारलं, "टिकन काय?" नवरा म्हणाला, "टिकन ना, बा."

आता यात कोणीतरी निजून पाहायला हवं होतं. नवरा अंगाने चांगला भरलेला, बापाच्या दीडपट. तो म्हणाला, "मी बसलो तं मोडन, आन् मोडलं तं समजाचं कसं का लाकूड कच्चं हाय का मीच जड हाय?" हे मलाही पटलं. शिवाय त्या दिवशी कालव्याच्या पाण्याची आमची पाळी होती, त्याला बांध्यांवर जायचंच होतं. जाता जाता म्हणाला, "धानाचं पोतं टाकून पाय. दिवसभर राहू दे. सांजेले उतरव, मंग बाले निजव."

धान पिकवणाऱ्या माणसाला वजन म्हटलं की पोतंच सुचतं. बंडीची ताकद पोत्यात मोजायची, बैलाची पोत्यात, माणसाचीही पोत्यात. आमच्या घरात पोतं हेच माप होतं आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. मी शेजारणीला हाक मारली, दोघींनी मिळून भरलेलं पोतं उचललं आणि झुल्यात टाकलं. पोतं मामाजींपेक्षा चांगलं वीस किलोंनी जड. दोर ताणला, बल्ली किंचित वाकली आणि थांबली. शेजारीण म्हणाली, "आता काही होत नाही. हत्ती निजवा." आम्ही हसलो. सकाळी नऊपासून चारपर्यंत पोतं तिथं झोपून होतं.

मला स्वतःला माफ करता येत नाही ते पुढचं आहे. मी अंगणवाडीत दर महिन्याला पोरांची वजनं घ्यायची. काटा छताला अडकवायचा, त्याला झोळी, झोळीत पोर. पोर गप्प असलं की काटा एका जागी. पोराने रडायला तोंड उघडलं, पाय झाडले की तोच काटा वर-खाली नाचायला लागतो. म्हणून पोर शांत होईपर्यंत थांबायचं, मगच आकडा लिहायचा. हे मी वीस वर्षं केलं होतं. जिवंत वजन आणि मेलेलं वजन वेगळं असतं, हे गावात कोणाला ठाऊक असेल तर मला. आणि त्याच काट्याच्या शेजारी मोठ्यांचाही वजनकाटा होता, त्यावर मी स्वतः कितीदा उभी राहिले होते. माझं वजन मामाजींच्या वजनाच्या एक-दोन किलो इकडेतिकडे होतं. पोतं उतरवल्यावर झुला रिकामा होता. घरात मामाजी आणि मी, दोघंच होतो. मला त्यात निजून, चार झोके घेऊन, दोनदा खोकून पाहायला पाच मिनिटं लागली असती.

मला ते सुचलं नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. सुचलं होतं. हात झुल्याच्या काठावर होता माझा. पण मामाजी ओट्यावर बसून माझ्याकडे पाहत होते, आणि मी हात काढून घेतला. पदर सावरला आणि म्हणाले, "या जी."

ते आले. झुल्यात बसले, पाय वर घेतले, मागे टेकले. डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला. इतक्या वर्षांनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या झुल्यात. मी त्यांच्या पायांवर चादर घातली. अर्धा तास मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते, त्यांचं पोट एका लयीत वर-खाली होत होतं. मी भाताचं पाणी ठेवायला आत गेले.

त्यांना खोकला आला. दम्याचा खोकला पाहिलेला असेल त्याला ठाऊक आहे, त्यात आख्खं अंग उचलून आपटतं. एक, दोन, तीन. झुला उसळला, बल्ली उसळली, आणि उथळ खड्ड्यातला एक पाय दगडांतून निसटून बाहेर आला. मी धावत आले तेव्हा कैची आडवी होती, मामाजी मुरमावर होते आणि बल्ली त्यांच्या कमरेवर. ते ओरडले नव्हते. दम इतका लागला होता की ओरडायला श्वासच नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. भंडाऱ्याला नेलं. तिथं सांगितलं की या छातीला भूल झेपणार नाही, ऑपरेशन करता येणार नाही. पायाला वजन लावून घरीच पडून राहू द्या. खाटेच्या पायथ्याला लाकडी चाक बसवून त्यावरून दोरी टाकली, तिला दोन विटा टांगल्या आणि दोरी मामाजींच्या पायाला बांधली. ते मात्र पहिल्याच खेपेला नीट जमलं.

लोक भेटायला यायचे. नवरा प्रत्येकाला सांगायचा, "पोतं ठेवून पाह्यलं होतं जी. सकाळपासून." लोक मान हलवायचे. पोतं ठेवून पाहिलं होतं म्हणजे आमच्याकडून काही राहिलं नव्हतं, बाकी नशीब. कोणी खापर फोडलं नाही. एखाद्याने मला तोंडावर दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "आपण तं दोघींनी उचललं होतं ना बाई, केवढं जड होतं थे." मी हो म्हणाले.

आता त्यांना उठता येत नव्हतं आणि आडवं पडताही येत नव्हतं. खाटेचा डोक्याकडचा भाग विटांवर उचलला, तर पायाकडे घसरायचे आणि मोडलेलं हाड दुखून विव्हळायचे. मागे गादी गुंडाळून लावली, ती दबली. भुशाचं पोतं लावलं, ते कलंडलं. पाट लावला, तो पाठीला रुतला. नवरा दिवसा कामावर. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे ओठ निळे पडायला लागले, तशी मी दुसरं काही न सुचून खाटेवर चढले, त्यांच्या मागे बसले, माझी पाठ त्यांच्या पाठीला लावली आणि पाय भिंतीला रेटले. तोंड भिंतीकडे. डोक्यावरचा पदर तसाच. थोड्या वेळाने त्यांचा श्वास ताळ्यावर आला. आणि मग त्यांचं डोकं मागे येऊन माझ्या मानेवर टेकलं. झोपले होते.

सव्वीस वर्षांच्या संसारात मी सासऱ्यांसमोर खाटेवर बसले नव्हते. आता रोज बसायला लागले. सकाळी दोन तास, दुपारी तीन तास, जसं जमेल तसं. अंगणवाडीतून रजा काढली. पाठीच्या कण्यातून कळ निघायची, पाय मुंग्या येऊन मरायचे. आम्ही बोलत नसू. बोलायचं तर तोंडं दोन दिशांना. त्यांच्या छातीतली घरघर मला माझ्या पाठीत ऐकू यायची. आता सगळे म्हणतील केवढी सेवा केली. बायका म्हणायच्याच. उशिरा केलेल्या गोष्टीला सेवा म्हणू नये.

एका सकाळी ते जागे होते. चहा पिऊन झाला होता, कप माझ्या हातात होता. म्हणाले, "त्या दिशी तूच निजून पाहाचं होतं, बाई."

मी कप खाटेवर ठेवला. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. झुल्याच्या काठावरचा माझा हात, आणि तो काढून घेतलेलाही. इतके दिवस या खाटेवर त्यांनी तेच मनात धरलं होतं आणि मीही.

मी म्हणाले, "तुमच्या झुल्यात जी?"

त्यांची पाठ माझ्या पाठीवर दोनदा वर-खाली झाली.

"होये," ते म्हणाले. "मीबी निजू देलं नसतं."

मला हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. दोष वाटून घेतला होता त्यांनी, अर्धा स्वतःकडे ओढला होता. पण मला राग आला. त्यांचा आला, सासूबाईंचा आला, अठराव्या वर्षी मुकाट्याने उतरलेल्या त्या पोरीचा आला, आणि ज्या मर्यादेपायी आम्ही दोघांनी मिळून एक जिवंत माणूस मोडला, तिचा सगळ्यात जास्त आला. मला उठून निघून जावंसं वाटलं. पण मी उठले असते तर ते पडले असते, म्हणून बसून राहिले.